सोळा घरांची चंदेरी पेटी

सिंथेसायझर आवाज घडवतो आणि कोणता सूर कधी लागायचा हे सीक्वेन्सर त्याला सांगतो. पहिल्याच्या पोटात विजेच्या कंपनांतून तरंग तयार होतात, फिल्टर त्यांतला काही भाग गाळून टाकतो आणि उरलेल्याला चढ-उतार मिळतो. दुसऱ्याचे काम स्मरणाचे. एकदा सूर भरून ठेवले की तो ते त्याच क्रमाने, त्याच लयीत, सांगू तितका वेळ पुरवत राहतो. आज ही दोन्ही कामे एकाच छोट्या पेटीत होतात. पण दोघांची वाढ वेगवेगळ्या वाटांनी झाली. त्या वाटा १९८० च्या आसपास ओसाकात एकत्र आल्या, आणि तिथे बनलेल्या यंत्रांचे मुंबईत आणि शिकागोत जे झाले त्यावर आजच्या नृत्यसंगीताचा मोठा भाग उभा आहे. या इतिहासात एक गोष्ट वारंवार दिसते. नवे यंत्र ज्या कामासाठी बनवलेले असते त्या कामात पहिले वादक अडखळतात, आणि त्याचे खरे काम पुढे दुसऱ्याच कुणाच्या हातून सापडते.

सूर आधी नोंदवून ठेवायचे आणि यंत्राकडून वाजवून घ्यायचे, ही कल्पना विजेहून पुष्कळ जुनी आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी पाण्याच्या जोरावर आपोआप वाजणाऱ्या वाद्याचे वर्णन लिहून ठेवले. त्यात फिरत्या नळकांड्यावरची टोके सुरांचा क्रम ठरवत. युरोपातल्या संगीतपेट्या आणि भोके पाडलेल्या कागदी गुंडाळीवर चालणारे पियानो पुढे याच तत्त्वावर निघाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रिन्स्टन केंद्रात १९५७ साली बसवलेला आरसीए मार्क टू हा भिंतभर पसरलेला सिंथेसायझरही कागदाच्या पट्टीवरच चाले. हॅरी ओल्सन आणि हर्बर्ट बेलार या अभियंत्यांनी तो बांधला होता. प्रत्येक सुराची उंची, त्याचे सप्तक, नाद आणि जोर हे सारे सांकेतिक खुणांत बदलायचे, पट्टीवर छिद्रे पाडायची आणि मग ती पट्टी यंत्रातून सरकवायची, अशी रीत. संगीतकार मिल्टन बॅबिट या यंत्रापाशी वर्षानुवर्षे बसले. आवाजांच्या नवलाईपेक्षा त्यांना ओढ होती ती काळाच्या अचूकपणाची, कारण बोटांना न जमणारी लय हे यंत्र तंतोतंत पाळत असे. मात्र एवढ्याशा रचनेसाठी दिवसचे दिवस छिद्रे पाडत बसण्याची तयारी फार थोड्यांची होती.

त्याच दशकात रेमंड स्कॉट हे बँडप्रमुख आणि जाहिरातींचे संगीतकार आपल्या खासगी यंत्रशाळेत रिले, स्विच आणि मोटारी जोडून निराळीच यंत्रे बनवत होते. त्यांपैकी एकात वर्तुळात दिवे मांडलेले असत आणि मधोमध एक दांडी फिरे. दांडीच्या टोकाला प्रकाश ओळखणारा सेल होता. दिवा जितका तेजस्वी तितका सूर वेगळा, आणि दांडी जितक्या वेगाने फिरेल तितकी लय जलद. सूर दिव्यांच्या रूपाने समोर दिसतो आहे, हात लावून तो तिथल्या तिथे बदलता येतो आहे, ही सोय कागदी पट्टीत नव्हती. आपली यंत्रे स्कॉट यांनी फारशी कुणाला दाखवली नाहीत. पण ज्या थोड्यांनी ती पाहिली त्यांत वडिलांबरोबर आलेले तरुण रॉबर्ट मूग होते.

१९६४ मध्ये मूग यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या गावी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सल्ल्याने सुट्या भागांचा सिंथेसायझर जुळवला. जवळपास त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत मॉर्टन सुबॉटनिक आणि रमोन सेंडर या संगीतकारांच्या मागणीवरून डॉन बुकला हेही आपले यंत्र बनवत होते. दोघांचे मूळ तत्त्व एकच : आवाजाचा प्रत्येक गुण विद्युतदाबाने हलवायचा. मतभेद होता तो कळपाटीवर. मूग यांनी पियानोसारखी कळपाटी जोडली, आणि वेंडी कार्लोस यांनी त्यावर वाजवलेल्या बाखच्या रचनांची १९६८ ची ध्वनिमुद्रिका जगभर खपली. बुकला यांना काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नको होत्या. त्या समोर असल्या की हात जुन्याच वळणाने चालतात, असे त्यांचे मत. त्यांच्या यंत्रात म्हणून स्पर्शाने चालणाऱ्या धातूच्या पट्ट्या आल्या आणि सीक्वेन्सरला मानाचे स्थान मिळाले. सुबॉटनिक यांची १९६७ मधली ‘सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून’ ही ध्वनिमुद्रिका याच यंत्रावर घडली.

या पिढीतला सीक्वेन्सर कसा चालतो हे समजून घेण्याजोगे आहे, कारण पुढची सारी यंत्रे त्याचीच वंशज आहेत. मूग यांच्या ९६० क्रमांकाच्या सीक्वेन्सरमध्ये आठ घरे असतात. प्रत्येक घराखाली एकाखाली एक असे तीन नॉब, प्रत्येक घराला एक दिवा. आतल्या घड्याळाचा ठोका पडला की दिवा एक घर पुढे सरकतो आणि त्या घराच्या नॉबवर जेवढा दाब लावून ठेवला असेल तेवढा तरंग तयार करणाऱ्या ऑसिलेटरकडे जातो. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. म्हणजे सा आणि कोमल रे यांच्यातले अंतर एक व्होल्टाचा बारावा भाग. हा बारावा भाग दाखवणारी खूण मात्र नॉबवर नसते. वादकाने घर थांबवून, कान लावून, नॉब किंचित फिरवून सूर मिळवायचा, मग पुढचे घर. आठ सूर जुळवून होईपर्यंत खोली तापली तर ऑसिलेटर सरकतो आणि सगळे पुन्हा मिळवावे लागते. पाश्चात्त्य वादकांनी या त्रासाबद्दल पुष्कळ तक्रारी केल्या. भारतीय कानाने पाहिले तर त्याच त्रासात एक मोठी मोकळीक होती. बारा सुरांच्या मधली कोणतीही जागा या नॉबला वर्ज्य नव्हती; तोडीचा अतिकोमल गंधार हवा असेल तर तोही लावता येत होता. पुढे स्मरण वाढले, घरे वाढली, आणि ही मोकळीक गेली.

भारतात असे यंत्र फार लवकर आले, हे महाराष्ट्रातही थोड्यांनाच माहीत आहे. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. तो लावून देण्यासाठी न्यूयॉर्कहून संगीतकार डेव्हिड ट्यूडर आले होते. यामागे साराभाई कुटुंबाचा मोठा वाटा होता. गीता साराभाई या पखवाज शिकलेल्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. अहमदाबादच्या स्टुडिओत त्यांनी आणि आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशिपुरा यांनी ध्वनिफिती केल्या. काही वर्षांतच हे काम थांबले आणि फिती संग्रहात पडून राहिल्या. २०२३ मध्ये त्यांतला निवडक भाग प्रसिद्ध झाला तेव्हा कळले की सूर जुळवण्याच्या आणि ढळण्याच्या मधल्या त्या जागेत इथल्या मंडळींनी मनापासून शोध घेतला होता. त्यांच्या कामाचा धागा पुढे कुणी उचलला नाही, ही हळहळण्याजोगी गोष्ट आहे.

युरोपात सीक्वेन्सर लोकप्रिय संगीतात शिरला तो जर्मनीतून. बर्लिनच्या टँजरीन ड्रीम या गटाने १९७४ च्या ‘फेड्रा’मध्ये मूगच्या सीक्वेन्सरची ओळ लांबच लांब चालवली. म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर यांनी १९७७ मध्ये डॉना समर यांच्या ‘आय फील लव्ह’ या गाण्याची बहुतेक सारी साथ यंत्रावर बांधली आणि नाचाच्या संगीताला नवी चाल मिळाली. तरीही हे सारे मोठ्या स्टुडिओंचे वैभव होते. सुट्या भागांच्या त्या कपाटांची किंमत सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर होती.

आवाक्यात आणण्याचे काम जपानमध्ये झाले. इकुतारो काकेहाशी यांनी तरुणपणी घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त केले. पुढे एस टोन या नावाने घरगुती ऑर्गनबरोबर साथ देणाऱ्या ठेक्याच्या पेट्या बनवल्या आणि १९७२ मध्ये ओसाकात रोलंड कंपनी काढली. १९७७ मध्ये या कंपनीने एमसी-८ हा सूक्ष्मसंगणकावर चालणारा सीक्वेन्सर आणला. त्याची मूळ कल्पना कॅनडाच्या राल्फ डाइक यांची. त्याला पट्ट्या नव्हत्या, कॅल्क्युलेटरसारखे आकड्यांचे बटनफलक होते. एका सुरासाठी आकडे तीन : उंची किती, पुढच्या सुरापर्यंत अंतर किती, आणि सूर धरायचा किती. किंमत बारा लाख येन. सुमारे दोनशेच नग खपले. पण टोकियोच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने त्याचा कस लावला आणि त्यांच्याबरोबर हिदेकी मात्सुताके मंचावर बसून आकडे भरत राहिले. सूर वाजवणारा एक आणि भरणारा दुसरा, ही कामाची वाटणी इथे पहिल्यांदा ठळकपणे दिसते.

१९८० मध्ये त्याच कंपनीची टीआर-८०८ ही ठेक्याची पेटी आली. तिच्या खालच्या कडेला सोळा बटने एका रांगेत आहेत : चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. वाद्य निवडायचे, हव्या त्या घराचे बटन दाबायचे. तिथला दिवा लागतो आणि तिथे ठोका पडतो. मोजणी नाही, आकडे नाहीत. ठेका डोळ्यांना दिसतो, चालता चालता बदलतो. चार-चारांच्या चार विभागांत सोळा, ही मांडणी तीनताल ऐकणाऱ्याला परकी वाटत नाही. तीनतालात त्या सोळा मात्रा असतात, इथे चार मात्रांचे सोळा पाव भाग असतात, एवढाच हिशेबातला फरक. मोठा फरक वेगळाच आहे. यंत्राला खाली ठाऊक नाही, सम ठाऊक नाही. सगळी घरे सारखी. वजन कुठे टाकायचे ते माणसाने सांगायचे.

याच सुमारास बाजारात आलेल्या रॉजर लिन यांच्या एलएम-१ या ठेक्याच्या पेटीत खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज होते. त्यापुढे ८०८ चे आवाज पहिल्या ऐकणाऱ्यांना खोटे वाटले. बास ड्रम घुमत राहतो, टाळी टाळीसारखी नाही, झांज नुसती सिसकारते. तीन वर्षांत सुमारे बारा हजार नग विकून उत्पादन बंद पडले. त्या सिसकारीसाठी सदोष ट्रान्झिस्टर मुद्दाम वापरले होते आणि तसे मिळेनासे झाले, असे कारण काकेहाशी यांनी पुढे सांगितले आहे. १९८२ मध्ये आफ्रिका बंबाटा यांचे ‘प्लॅनेट रॉक’ आणि मार्विन गे यांचे ‘सेक्शुअल हीलिंग’ याच पेटीवर उभे राहिले आणि खोटेपणाची तक्रार मागे पडली.

८०८ च्या पाठोपाठ, १९८१ च्या अखेरीस, टीबी-३०३ आला. तादाओ किकुमोतो यांनी तो बांधला. नावातले टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बास. एकट्या गिटारवाल्याने घरी सराव करावा, त्याला बास गिटारची साथ या पेटीने द्यावी आणि ठेका टीआर-६०६ या जोडीच्या पेटीने धरावा, असा कंपनीचा मानस होता. पेटी चंदेरी, प्लास्टिकची, काखेत मावेल एवढी. खाली तेरा बटनांची एका सप्तकाची छोटी पाटी, वर सहा लहान नॉब. ऑसिलेटर एकच, त्याला तरंग दोन, करवती किंवा चौकोनी.

सूर भरण्याची तिची पद्धत इतर कुठल्याही वाद्यात नव्हती. वादकाने आधी फक्त सुरांची उंची भरायची, लय न सांगता, एकामागून एक. मग दुसऱ्या पद्धतीत जाऊन सोळा घरांपैकी प्रत्येकात काय हवे ते तीन बटनांपैकी एकाने सांगायचे : नवा सूर, आधीचाच सूर लांबवणे, की विश्रांती. ‘नवा सूर’ असे जिथे म्हटले तिथे यंत्र पहिल्या यादीतला पुढचा सूर उचलते. याद्या दोन, त्यांची गाठ पडते ती पेटी चालू केल्यावर. दुसऱ्या यादीत एक जरी विश्रांती चुकून जास्त पडली तरी पुढचे सगळे सूर एक घर सरकतात, आणि मनात होती त्याहून वेगळीच ओळ ऐकू येते. शिवाय प्रत्येक सुरावर जोर द्यायचा का आणि पुढच्या सुरावर घसरत जायचे का, हे निराळे सांगावे लागे. गिटार उचलून अर्ध्या मिनिटात वाजणारी ओळ इथे भरायला पंधरा-वीस मिनिटे लागत. आणि एवढे करून आवाज बास गिटारचा येतच नसे.

आवाज जो येई त्याच्याकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. फिल्टरचा नॉब उघडत नेला की खर्जातला तोच सूर गुरगुरण्यापासून किंचाळण्यापर्यंत जातो. रेझोनन्स वाढवला की फिल्टर ज्या जागी गाळतो आहे तीच जागा शिट्टीसारखी वर येते. जोर दिलेल्या सुरावर आवाज वाढतो, त्याचबरोबर फिल्टरही जास्त उघडतो. असे जोराचे सूर लागोपाठ आले तर आतला कॅपॅसिटर पुरता रिकामा होत नाही आणि प्रत्येक सूर मागच्याहून थोडा अधिक तिखट लागतो. म्हणजे यंत्राला मागचे थोडे आठवते. तोच सूर दोनदा सारखा लागत नाही. घसरण तर अगदी मींडेच्या कुळातली. मात्र मींडेचा वेग गवयाच्या मनावर असतो. इथे अंतर दोन श्रुतींचे असो की सप्तकाचे, घसरायला लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच. त्यामुळे लांबची घसरण झेप वाटते आणि जवळची लचक. बास गिटारच्या नकलेत या गोष्टींचा उपयोग नव्हता. सुमारे दहा हजार नग बनले, आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबले. दुकानांनी उरलेल्या पेट्या पडेल भावात काढल्या.

त्याआधीच ही पेटी मुंबईला पोचली होती. मुंबईच्या चित्रपटसंगीताला विजेच्या वाद्यांचे वावडे कधीच नव्हते. १९५४ च्या ‘नागिन’मधली जगप्रसिद्ध पुंगी खरी पुंगी नाही. हेमंतकुमार यांच्या संगीतासाठी ती कल्याणजी यांनी क्लेव्हायोलिन या फ्रेंच बनावटीच्या विजेच्या वाद्यावर वाजवली आणि रवी यांनी हार्मोनियमची जोड दिली. सत्तरच्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मूगचा सिंथेसायझर इथल्या स्टुडिओंत आणला. ध्वनिमुद्रणाला शंभर वादक बसत त्या काळातली ही गोष्ट.

चरणजित सिंग हे याच स्टुडिओंतले गिटारवादक. राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांकडे ते वाजवत, आणि परदेशातून येणाऱ्या नव्या वाद्यांवर त्यांचे लक्ष असे. रोलंडचा ज्युपिटर-८ हा आठ सूर एकाच वेळी देणारा सिंथेसायझर, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही तिन्ही यंत्रे त्यांच्याकडे आली ती बाजारात येऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा. १९८० च्या ‘कुर्बानी’पासून हिंदी चित्रपटांत डिस्कोचे वारे होते. सगळीकडे डिस्को आहेच तर तबला बाजूला ठेवून राग त्या ठेक्यावर वाजवून पाहावेत, असे त्यांना सुचले. १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. ललत, तोडी, मधुवंती, यमन, कलावती, मालकंस अशा दहा रागांना प्रत्येकी काही मिनिटे. खाली ८०८ चा ठोका सरळ चालतो, खर्जात ३०३ ची ओळ फिरत राहते आणि वर सिंग ज्युपिटरवर हाताने रागाचा विस्तार करतात.

तिन्ही यंत्रांच्या मर्यादा सिंग यांना नेमक्या उमगल्या होत्या, असे ही ध्वनिमुद्रिका ऐकताना जाणवते. ३०३ चे स्मरण बारा सुरांना बांधलेले. श्रुतींची सूक्ष्म कामे तिच्याकडून होणार नाहीत. म्हणून तिच्याकडे त्यांनी तानपुऱ्याच्या जवळचे काम सोपवले. रागाच्या मोजक्या सुरांची छोटी ओळ, सतत आवर्तनात, घसरणीसकट. बास गिटारवाल्यांना जिचा कंटाळा येई ती पुनरावृत्ती इथे आधारस्वरासारखी उभी राहते. ओळीतला प्रत्येक पालट मोठा वाटू लागतो, आणि आलापाची सवय असलेल्या कानाला त्यात गोडी लागते. समकालीन श्रोत्यांना मात्र ही ध्वनिमुद्रिका फारशी रुचली नाही. रसिकांना तो राग वाटला नाही, नाचणाऱ्यांना त्यात गाणे सापडले नाही. ध्वनिमुद्रिका विस्मृतीत गेली.

शिकागोत हीच पेटी जुन्या मालाच्या दुकानांतून तरुणांच्या हाती पडली. नॅथॅनिएल पिअर जोन्स, म्हणजे डीजे पिअर, अर्ल ‘स्पँकी’ स्मिथ आणि हर्बर्ट जॅक्सन या तिघांचा फ्यूचर हा गट. स्पँकी यांनी घेतलेल्या पेटीबरोबर माहितीपुस्तिका नव्हती, आणि सूर भरण्याची ती दुहेरी रीत कुणाला येत नव्हती. ३०३ चे स्मरण चार सेलांवर टिकते. सेल उतरले की भरलेले सूर विस्कटतात आणि कुणी कधी रचल्या नसतील अशा ओळी वाजू लागतात. पेटी चालू केली तेव्हा तशीच एक चमत्कारिक ओळ वाजत होती, तिला न मोडता आपण फक्त नॉब फिरवत गेलो, असे पिअर यांनी पुढे सांगितले आहे. सूर तेच राहिले, फिल्टर उघडला-मिटला, रेझोनन्स चढला, आणि अकरा मिनिटांहून लांब तुकडा तयार झाला.

त्याची फीत त्यांनी म्युझिक बॉक्स या क्लबमधल्या रॉन हार्डी यांच्याकडे दिली. पहिल्यांदा वाजली तेव्हा नाचणारे बाजूला झाले. हार्डी यांनी त्याच रात्री ती पुन्हा लावली, पुन्हा लावली. चौथ्या वेळी सारा क्लब नाचत होता, अशी आठवण सांगतात. १९८७ मध्ये मार्शल जेफरसन यांच्या देखरेखीखाली ‘ॲसिड ट्रॅक्स’ या नावाने ती ट्रॅक्स रेकॉर्ड्सतर्फे बाहेर पडली आणि ॲसिड हाउस हा प्रकार शिकागोतून लंडनला, मँचेस्टरला पोचला. जी पेटी पडेल भावात जात होती तिची किंमत काही वर्षांत मूळ किमतीच्या कितीतरी पट झाली.

दिल्लीतल्या एका दुकानात २००२ साली एडो बाऊमन या डच संग्राहकांना चरणजित सिंग यांची ध्वनिमुद्रिका सापडली आणि २०१० मध्ये त्यांनी ती पुन्हा काढली. तेव्हा ॲसिड हाउसचा जन्म मुंबईतच झाला, असे बोलले गेले. हे म्हणणे टिकणारे नाही. शिकागोच्या मुलांनी ती ऐकली होती असा काही पुरावा नाही, आणि सिंग यांच्या डोळ्यांपुढे क्लब नव्हता, राग होता. दोन्हीकडचा सारखेपणा यंत्रातून आला आहे : सोळा घरे, ठरावीक वेळेची घसरण, तापत जाणारा जोर. त्या पेटीपाशी संयमाने बसणाऱ्याला ती याच दिशेने नेते. सिंग यांचे मोठेपण सिद्ध करायला शिकागोचा दाखला लागत नाही. कंपनीलाही न दिसलेला उपयोग त्यांना वर्षा-दोन वर्षांत दिसला, आणि तो त्यांनी आपल्या संगीताच्या कायद्यात बसवला. पुनःप्रकाशनानंतर परदेशात त्यांचे कार्यक्रम झाले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

३०३ बाजारातून उठण्याला आणखी एक कारण होते. प्रत्येक कंपनीची यंत्रे आपसांतच बोलत. दुसऱ्याच्या यंत्राशी त्यांचे जुळत नसे. काकेहाशी आणि सिक्वेन्शल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी यावर समान भाषा ठरवण्याचा आग्रह धरला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात स्मिथ यांचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका तारेने जोडले गेले आणि एकावर वाजवलेले दुसऱ्यावर ऐकू आले. ही मिडी पद्धत. स्वामित्वहक्काचे पैसे न घेता ती सर्वांना खुली ठेवली, म्हणून ती आजतागायत टिकली. मिडी नसलेली ३०३ आणि ८०८ एका दिवसात जुनी झाली. याहामाचा डीएक्स-७, मिडीची खोबणी असलेला अटारी एसटी संगणक, १९८८ चा सीक्वेन्सरसकट येणारा कॉर्ग एम-१ अशी रांग लागली.

मुंबईत या बदलाचा फटका माणसांना बसला. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी आणि अरेंजरांनी इथल्या वाद्यवृंदाला स्वरलिपीची शिस्त लावली होती. व्हायोलिनच्या रांगा त्यांच्या लेखणीवर चालत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून त्या रांगांची जागा की-बोर्डवर सूर भरणारा प्रोग्रॅमर घेऊ लागला. विजू शाह यांनी ‘त्रिदेव’च्या (१९८९) गाण्यांत यंत्रांच्या आवाजाला जे रूप दिले ते नव्या पिढीला आवडले. यंत्रांनी नवे आवाज दिले हे खरे, पण चाळीस-पन्नास जण एकत्र श्वास घेऊन वाजवत तेव्हा जे होई ते त्यांनी भरून काढले नाही, आणि अनेक कसलेले वादक काम नसल्याने घरी बसले. या व्यवसायाच्या इतिहासात ही नोंद राहायलाच हवी.

गोव्यात वेगळे घडत होते. हणजुणेच्या किनाऱ्यावर रात्रभर चालणाऱ्या मेळ्यांत परदेशी डीजे युरोपातून आणलेले वाद्यसंगीत फितींवरून लावत, कारण उन्हात रेकॉर्डी वाकत. नव्वदच्या दशकारंभी त्यातून गोवा ट्रान्स हा प्रकार आकाराला आला, आणि त्याच्या लांब, वळवळत्या ओळींत ३०३ चाच आवाज ठिकठिकाणी ऐकू येतो.

संगणकाने सीक्वेन्सर गिळून टाकला असे पुढची पंधरा वर्षे वाटत होते. १९९७ मध्ये स्वीडनच्या प्रॉपेलरहेडने रीबर्थ या आज्ञावलीत दोन ३०३ आणि एक ८०८ पडद्यावर उतरवली. तरी हाताखाली नॉब हवा ही भूक राहिलीच. जर्मनीत डीटर डोएफर यांनी १९९५ पासून सुट्या भागांचे सिंथेसायझर पुन्हा विकायला आणले. गोथेनबर्गच्या इलेक्ट्रॉनने २००१ च्या मशीनड्रममध्ये सोळा घरांपैकी प्रत्येक घरात केवळ सूरच नव्हे तर फिल्टरची, जोराची, लांबीची स्थितीही साठवायची सोय केली. जे पिअर हाताने करत ते आता घरोघर लिहून ठेवता येऊ लागले. कॉर्गने २०१३ मध्ये सेलवर चालणारी स्वस्त वोल्का मालिका काढली, आणि रोलंडने २०१६ मध्ये टीबी-०३ या नावाने जुन्या पेटीची छोटी आवृत्ती आणली. तिच्यात नवी सोपी रीतही दिली आहे, आणि आधी उंची मग वेळ ही मूळची अवघड रीतही ठेवली आहे. ज्यांना चुकून लागणाऱ्या ओळी हव्या असतात ते अजून तीच वापरतात.